मागचा ॲक्सल दात खातोय

माझी गाडी आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर दगडांवरून चढणारी छोटी गाडी. आधी तिची लक्षणं. चढावर चाक दगडात अडकलं की मागून ‘कट्… कट्’ असा आवाज. सपाटीवर गाडी गुणी बाळासारखी. घरी आणून चाकं अधांतरी धरून थ्रॉटल दिला तर काही म्हणजे काही नाही. पुढच्या रविवारी आवाज जरा वाढलेला. त्याच्या पुढच्या रविवारी मोटर फिरते, पुढची चाकं माती उडवतात आणि मागची दोन्ही थंड. ॲक्सल उघडावा तर ग्रीसमध्ये चमचमणारा चुरा आणि क्राउनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरच्या, चार दातांचे शेंडे गायब.

यावर बहुतेक जण जे करतात तेच मीही केलं. ‘हेवी ड्यूटी’ असा शिक्का असलेला गिअरचा सेट मागवला, बसवला, चार जणांना दाखवला आणि सात-आठ फेऱ्यांनी पुन्हा तोच चुरा पुसत बसलो. एका मोसमात तीन सेट. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की मी दर वेळी तुटलेला भाग बदलतोय आणि तो तोडणारा आत तसाच बसलाय.

गाडी १/१० मापाची, २.२ इंची चाकांची, मागचा-पुढचा दोन्ही ॲक्सल लॉक केलेले (डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं), बॅटरीसकट वजन साधारण ३ किलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण प्लास्टिक हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलचं कवच प्लास्टिकचं असलेल्या, बहुतेक तयार गाड्यांची गोष्ट हीच आहे. शब्दांचं एक सांगून ठेवतो. आरसीवाले ज्याला रिंग-पिनियन म्हणतात त्याला आपल्याकडचा गॅरेजवाला क्राउन-पिनियन म्हणतो. मी गॅरेजचा शब्द घेतलाय. क्राउन मोठा, पिनियन त्याला फिरवणारा छोटा. आणि हे गिअर ज्या गोल पेटीत असतात तिला इंग्रजीत भोपळाच म्हणतात. दिसतेही तशीच, तेव्हा इथेही भोपळा.

मागचाच का?

गाडी चढायला लागली की वजन मागे सरकतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती, हे एकदा कागदावर मांडून बघा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३२० मिमी, गुरुत्वमध्य बरोबर मध्ये आणि जमिनीपासून ९० मिमी वर असं धरलं, तर ४५ अंशांच्या चढावर मागच्या चाकांवर ७८ टक्के भार येतो. पुढची चाकं जेमतेम टेकलेली असतात. काम सगळं मागचा ॲक्सल करतो, आणि आपण तर बॅटरीही मागे ठेवलेली असते.

आता ताकद. टायरची त्रिज्या ७० मिमी, वजन ३ किलो, सगळं वजन मागच्या चाकांवर आणि पकड पूर्ण, म्हणजे घर्षणांक १. तर टायर घसरायच्या आधी ॲक्सलला जास्तीत जास्त ३ × ९.८१ × ०.०७, म्हणजे सुमारे २ न्यूटन-मीटर पीळ सोसावा लागेल. हे काही फार नाही. साधा गिअरसुद्धा एवढं सहज पेलतो. गडबड होते ती चाक दोन दगडांच्या बेचक्यात रुतून बसतं तेव्हा. तिथे टायर घसरूच शकत नाही, मग वजनाची मर्यादाही उरत नाही. मोटर जेवढं देऊ शकते तेवढं सगळं दातांवर येतं. त्यात आपण थ्रॉटलला गचके देतो, कारण ‘जरा जोर लावला की निघेल’. फिरत्या मोटरला अचानक ब्रेक लागतो आणि तो धक्का गिअरबॉक्सने कित्येक पट वाढवून क्राउनवर आदळतो.

आमची जागा पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या दगडखाणीजवळची. सह्याद्रीचा बेसाल्ट कोरडा असला की मऊ टायर त्याला अक्षरशः चिकटतो. परदेशी व्हिडिओंत गाड्या गोल गुळगुळीत धोंड्यांवरून घसरत, तोल सावरत जातात. आपल्याकडे खाणीतला दगड फुटलेला, धारदार, खाचांचा. चाक अडकायला जागाच जागा.

उघडण्याआधी खडू आणि कान

ॲक्सल खोलायची घाई करू नका. आधी त्याला बोलू द्या.

मागच्या एका टायरच्या बाजूवर खडूने रेघ मारा. गाडी हातात धरून दुसऱ्याला अगदी हळू थ्रॉटल द्यायला सांगा आणि टायरला जुन्या मोज्याने किंवा हातमोजा घालून हलकं दाबून धरा, म्हणजे गिअरवर थोडा भार येईल. बोटं स्पोकपासून लांब. आता रेघेची एक फेरी पूर्ण होईपर्यंत आवाज किती वेळा येतो ते मोजा.

एका फेरीत एकदाच ‘कट्’ आलं तर दात क्राउनचा गेलाय. जवळपास तीनदा आलं तर पिनियनचा, कारण पिनियन चाकाच्या एका फेरीत तितक्या वेळा फिरतो. नेमकं किती ते तुमच्या गुणोत्तरावर: ३८ दातांचा क्राउन आणि १३ चा पिनियन असेल तर २.९२, ३० आणि ८ असेल तर ३.७५. आवाज अनियमित असेल, फक्त जोर दिला तरच येत असेल, तर दात अजून शाबूत असण्याची शक्यता आहे. ते एकमेकांवरून उड्या मारतायत. ही अवस्था सापडली तर नशीब समजा, सेट वाचतो.

मग पुढचा-मागचा खेळ, म्हणजे सैलपणा, तपासा. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणारा दांडा) ॲक्सलपाशी चिमटीत घट्ट धरा आणि चाक पुढे-मागे हलवा. चाक हललं आणि हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) हलला नाही, तर चाकातलं हेक्सचं भोक गोल झालंय. हेक्स हलला आणि चाकाचा शाफ्ट नाही, तर त्यांना जोडणारी पिन झिजलीय. तिघंही मिळून हलले आणि आतून ‘टक’ आलं, तर लॉकर (दोन्ही शाफ्ट एकत्र बांधणारा, क्राउन ज्यावर बसतो तो भाग) किंवा क्राउन-पिनियनमधला खेळ. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यात कळतं की हजारो रुपयांचा सेट मागवायचाय की वीस रुपयांची पिन.

दातांचा पंचनामा

चुरा पुसला, रॉकेलने गिअर धुतले, उन्हात धरले की दात स्वतःच सांगतात काय झालं ते. माझे पहिले दोन सेट मी न बघताच डब्यात टाकले होते; तिसऱ्या वेळी ते परत काढून भिंगाखाली ठेवले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

दाताचा फक्त शेंडा गोल झालेला असेल, बाकी दात बऱ्यापैकी असेल, तर तो ताकदीने तुटलेला नाही. दोन्ही गिअर एकमेकांपासून लांब सरकले, शेंड्याशेंड्यावर भिडले आणि घसरले. अशा ठिकाणी तुम्ही जगातलं सर्वांत कठीण पोलाद लावलंत तरी तेच होणार, फक्त जरा उशिरा. माझे तिन्ही सेट याच जातीचे निघाले.

दात मुळापासून, खडीसाखरेचा खडा फुटावा तसा दाणेदार तुटला असेल तर तो धक्क्याचा बळी. तयार गाड्यांत पुष्कळदा धातूची भुकटी दाबून आणि भाजून केलेले गिअर असतात. स्वस्त पडतात, मापात बऱ्यापैकी असतात, पण त्यांच्या आत बारीक पोकळ्या राहतात, आणि अचानक आलेला धक्का तिथूनच दात उचकटतो. इथे कापून घडवलेल्या पोलादी गिअरला पैसे मोजण्यात अर्थ आहे.

दात सगळीकडून सारखा बारीक झाला असेल, सुरीसारखा, तर धूळ. बेसाल्टची भुकटी आणि ग्रीस एकत्र आले की ती घासणीची पेस्ट होते. ताकदीचा प्रश्नच नाही, सीलचा आणि सफाईचा आहे.

आणि झीज दाताच्या एकाच बाजूला असेल तर ती बाजू पुढे जाण्याची की रिव्हर्सची ते बघा. आमच्यातल्या एकाची झीज सगळी रिव्हर्सच्या बाजूला होती. गाडी अडकली की हा बाबा फुल रिव्हर्स ओढायचा. त्याचा इलाज कुठल्याच कॅटलॉगात नाही.

खात्री करायची असेल तर साफ दातांवर रबरी शिक्क्याची शाई लावा, गिअर बसवा, हाताने चाक दाबत दोन-चार फेऱ्या फिरवा आणि पुन्हा उघडा. शाई जिथे पुसली गेली तिथे दात भिडतात. ठसा दाताच्या मधोमध आणि निम्म्याहून जास्त लांबीवर हवा. फक्त बाहेरच्या टोकाला किंवा फक्त शेंड्याला असेल तर बसवण्यात चूक आहे. लेथवाले यासाठी निळं मार्किंग वापरतात. शिक्क्याची शाई धुवायला सोपी.

भोपळा लवतो

मग दात लांब सरकतात कशाने?

तिरक्या दातांच्या गिअरचा स्वभावच असा, की ते फिरताना एकमेकांना ढकलतात. क्राउन बाजूला सरकू बघतो, पिनियन मागे. त्यांना जागेवर धरायचं काम बेअरिंगांचं, आणि बेअरिंगांना धरायचं काम भोपळ्याचं. भोपळा प्लास्टिकचा. तोही बहुधा नायलॉनच्या जातीचा, जो हवेतला दमटपणा पितो आणि मऊ पडतो, उन्हात तर आणखीच. एप्रिलमधला काळा दगड हात टेकवू देत नाही, त्यावर तो काळा भोपळा तासभर घासत असतो. घरी टेबलावर बोटाने दाबून ‘कडक तर आहे’ म्हणणं म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरणं.

त्याहून चोरटी गोष्ट म्हणजे बेअरिंगची बैठक. भोपळ्यातलं ते गोल घर वारंवारच्या धक्क्यांनी लंबगोल होतं. डोळ्याला दिसत नाही. बेअरिंग हाताने बसवून बघा: ते दाबून बसायला हवं. आपोआप गळून पडत असेल, किंवा बाहेरचं कडं घरात फिरल्याच्या चकचकीत खुणा असतील, तर ते हाउसिंग निकालात निघालं. त्यात कितीही भारी गिअर घाला.

बेअरिंगही तपासा. आतलं कडं धरून बाहेरचं आडवं हलवा. खेळ जाणवला तर बदला. मागवताना आकडे बघूनच मागवा; ५ × १० × ४ आणि ५ × ११ × ४ दिसायला भाऊभाऊ आहेत आणि एकाच्या घरात दुसरा बसत नाही. पाण्यात गाडी घालत असाल तर रबरी झाकणाची, म्हणजे २आरएस लिहिलेली घ्या. ती थोडी जड फिरतात, पण क्रॉलर काही शर्यतीत धावत नाही.

आता मोठा प्रश्न: ॲल्युमिनियमचं हाउसिंग घ्यावं का? घ्यावं, पण माझ्यासारखं नाही. मी आधी स्वस्तातलं घेतलं. दिसायला दागिना, रंग सुरेख. त्यातली दोन्ही बाजूंची बेअरिंगची घरं एका रेषेत नव्हती. शाफ्ट घातला तर हाताला कळत होतं, एका जागी घट्ट, अर्ध्या फेरीने सैल. मी म्हटलं चालवून चालवून बसेल. नाही बसलं. कडक हाउसिंगमध्ये चुकीच्या जागी धरलेला गिअर लवचीक हाउसिंगपेक्षा लवकर मरतो, कारण आता त्याला सरकायलाही वाव नसतो. तेव्हा धातूचं हाउसिंग हाती आलं की गिअर न घालता फक्त बेअरिंग आणि शाफ्ट घालून फिरवा. दोन बोटांनी, कुठेही न अडखळता फिरलं पाहिजे. अडखळलं तर परत पाठवा.

आणखी दोन तोटे कोणी आधी सांगत नाही. ॲल्युमिनियम दगडाला धरून बसतं. प्लास्टिक जिथून घसरून जातं तिथे ते अडकतं आणि चरे पडतात. शिवाय वजन वाढतं. मागे खाली थोडं वजन आलं तर बिघडत नाही, पण मुद्दाम वाढवायचं असेल तर ते पुढे हवं.

बजेट नसेल तर मूळ प्लास्टिकचंच हाउसिंग नवं घ्या आणि वरून लिंक (सस्पेन्शनच्या दांड्या) धरणारा धातूचा ट्रस, म्हणजे आधाराची चौकट, बसवा. तो ॲक्सलच्या नळीला वाकू देत नाही, आणि नळी वाकली नाही की भोपळ्याचं तोंडही कमी उघडतं. फक्त मागचं झाकण धातूचं लावून काही होईल असं मला वाटत नाही. मी लावलं होतं. फोटो छान येतात.

शिम, शिम आणि शिम

सगळ्यांत कमी पैशात सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यांत कमी लोक हे करतात. शिम म्हणजे पातळ चकत्या; ०.१ आणि ०.२ मिमी जाडीच्या चकत्यांची पाकिटं मिळतात. आतलं भोक तुमच्या शाफ्टच्या मापाचं हवं आणि बाहेरचा व्यास एवढाच, की चकती बेअरिंगच्या आतल्या कड्यालाच टेकेल. बाहेरच्या कड्यालाही टेकली तर बेअरिंगला ब्रेक लागतो.

क्राउनला पिनियनकडे ढकलायचं असतं, म्हणून चकती लॉकरच्या पाठीमागच्या बाजूला, म्हणजे दातांच्या विरुद्ध बाजूला जाते. एकेक ०.१ ची घाला, झाकण स्क्रूंनी पूर्ण आवळा (अर्धवट आवळून तपासलं तर तपासणी फुकट), आणि पिनियन बोटांनी फिरवा. क्राउनची पूर्ण फेरी होईपर्यंत फिरवत राहा. कुठेतरी जड लागायला लागलं की शेवटची चकती काढा. तिथे थांबा. बरोबर बसलेल्या गिअरमध्ये केसाएवढा खेळ असतोच; तोही मारला तर गिअर गरम होतात, ओरडतात आणि बेअरिंग खातात.

पिनियनचा पुढचा-मागचा खेळ विसरू नका. वळणदार, म्हणजे स्पायरल दातांच्या सेटमध्ये पुढे जाताना पिनियन एका दिशेला ओढला जातो आणि रिव्हर्समध्ये दुसऱ्या. पिनियन अर्धा मिलिमीटर मागे-पुढे डुलत असेल तर क्राउनला कितीही चकत्या घाला, एका दिशेला दात सुटणारच.

क्राउन लॉकरला धरणारे बारीक स्क्रू काढले असतील तर निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. तेलकट आट्यांवर तो धरत नाही, आधी पुसून घ्या. प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

एवढं केल्यावर माझा आवाज गेला. तोच जुना, तिसरा, अर्धा झिजलेला सेट घालून. त्या रविवारी मी खाणीत शांतपणे बसून बाकीच्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकत होतो.

आता बाजारात जाऊ

हाउसिंग ताठ, बेअरिंग घट्ट, चकत्या बसवलेल्या. मग मजबूत गिअर कामाला येतो.

गुणोत्तर निवडताना विचार करा. उदाहरणार्थ, ॲक्सियलच्या एआर६० जातीच्या ॲक्सलसाठी ३८/१३, ४३/१३ आणि ३६/१४ असे सेट मिळतात. गुणोत्तरं अनुक्रमे २.९२, ३.३१ आणि २.५७. मागे ४३/१३ आणि पुढे ३८/१३ लावलं तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा १३ टक्के जास्त फिरतात. पुढचं तोंड दगडावर ओढून घेतं, वळणही लहान होतं. चाकाला तेवढीच ताकद देताना पिनियन आणि ड्राइव्हशाफ्टवरचा पीळही कमी होतो: २ न्यूटन-मीटरच्या हिशेबात ०.६८ वरून ०.६० वर. पण क्राउनच्या दातावर येणारा भार चाकाच्या बाजूने ठरतो, तो काही कमी होत नाही, आणि तेवढ्याच जागेत जास्त दात बसवले की प्रत्येक दात बारीक होतो. म्हणून ‘४३ चा सेट म्हणजे मजबूत’ असं आंधळेपणाने धरू नका. आणि सेट घ्यायचा तो जोडीनेच. एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राउनला लावायची काटकसर मी पाहिलेली आहे; आठवडाभर टिकली.

टायर मोठे केले असतील तर त्याचाही हिशेब यातच धरा. त्रिज्या ६० वरून ७० मिमी केली की तेवढ्याच वजनाला ॲक्सलवरचा पीळ १७ टक्क्यांनी वाढतो. मागच्या रिममध्ये पितळेची वजनं घातली असतील तर काढा. वजन पुढच्या चाकांत उपयोगी असतं. मागे ते फक्त धक्का जड करतं.

शाफ्टबद्दल. मागच्या ॲक्सलमध्ये वळणारा सांधा नसतो, शाफ्ट सरळ असतात, म्हणून ते पुढच्यापेक्षा जास्त टिकतात. तुटतात तेव्हा बहुधा हेक्सच्या पिनच्या भोकापाशी. कारण उघड आहे: ५ मिमीच्या शाफ्टला आरपार २ मिमीचं भोक, उरलं काय? भोपळा एका बाजूला असलेल्या ॲक्सलमध्ये डावा-उजवा शाफ्ट वेगळ्या लांबीचा असतो. जोडी घ्या.

‘स्टेनलेस स्टील’ हे शब्द वाचून भुलू नका. गंजत नाही हे खरं, पण साधं स्टेनलेस मऊ असतं, वाकतं. शाफ्ट आरशावर ठेवून लोळवा. वाकलेला असेल तर आरसा आणि शाफ्टमधली फट उघडझाप करताना दिसते. टायटॅनियम हलकं आहे, महागही आहे, आणि पोलादाच्या जवळपास दुप्पट लवतं. शाफ्टला मी ते घेणार नाही. उष्णतेने कडक केलेलं क्रोमोली पोलाद, ४१४० किंवा ४३४० असं लिहिलेलं, एवढं पुरे.

व्यास वाढवता आला तर सोन्याहून पिवळं. शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनात वाढते: ५ चा ६ मिमी केला की १.७३ पट. त्यासाठी बेअरिंगही ६ मिमी भोकाचं शोधावं लागतं, आणि लॉकरमध्ये बसणारं टोक मूळ मापाचंच ठेवावं लागतं.

भोसरीचे काका

परदेशातून शाफ्ट मागवायचा म्हणजे कस्टमचा भुर्दंड आणि कित्येक आठवडे वाट. पुण्यात राहून लेथ सापडत नाही असं म्हणणं शोभत नाही, म्हणून मी तुटका शाफ्ट आणि कागदावरचं चित्र घेऊन भोसरीला गेलो. काकांनी शाफ्ट बोटांत फिरवून बघितला.

“कुठल्या मशीनचा आहे हा?”

“काका, खेळण्यातल्या गाडीचा.”

त्यांनी एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, पण पुढे काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, “जिथे व्यास बदलतो तिथे कोपरा शार्प नको. तिथूनच तडा जातो. अर्धा एमएम रेडियस ठेवा.”

“ठेवतो. मग बेअरिंग खांद्याला टेकणार नाही तुझं. त्याच्या आतल्या कडेचा चँफर बघ केवढा आहे. नखाएवढापण नाही.”

बरोबर होतं त्यांचं. एवढ्या लहान बेअरिंगची आतली कड इतकी थोडी मोडलेली असते, की मोठा रेडियस ठेवला तर बेअरिंग त्यावरच चढून बसतं आणि तिरकं होतं. तोडगा त्यांनीच काढला: रेडियस ठेवायचा, आणि बेअरिंग व खांद्याच्या मध्ये आतून कड मोडलेली एक पातळ चकती घालायची. तेवढी जागा चित्रात आधीच धरून लांबी ठरवायची.

धातू कुठला, यावर त्यांनी ईएन८ सुचवलं, कारण ते पडलेलंच होतं. ईएन८ साध्या मध्यम कार्बनचं, पाना-खुंट्यांना ठीक. मी ईएन२४ वर अडून बसलो. ते ४३४० च्याच कुळातलं. त्यातही ‘टी’ अवस्थेत, म्हणजे आधीच कडक आणि नरम करून आलेला बार घ्यायचा आणि तसाच खरादायचा. कच्चा शाफ्ट खरादून नंतर हार्डनिंगला दिला तर एवढी बारीक काडी भट्टीतून वाकून येते. मग ग्राइंडिंगसाठी जास्तीचं माप सोडा, पुन्हा घासा, एवढा उपद्व्याप दोन शाफ्टसाठी कोण करणार? आणि जास्त कडक करायच्या मोहात पडू नका. काचेसारखा कडक शाफ्ट वाकत नाही, सरळ तुटतो, आणि तुटका तुकडा लॉकरमध्ये अडकला की दुसरा खर्च.

क्राउन-पिनियन मात्र स्थानिक वर्कशॉपमध्ये करून घ्यायच्या फंदात पडू नका. वळणदार दात कापायचं यंत्र वेगळं असतं, आणि दोन नगांसाठी ते कोणी लावत नाही. ते विकतच.

कुठेतरी फ्यूज ठेवा

हाउसिंग धातूचं, गिअर पोलादी, शाफ्ट ईएन२४. आता धक्का जाणार कुठे? गिअरबॉक्समध्ये. तो उघडायचा तर अर्धी गाडी खोलावी लागते. म्हणून एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवायची, जिथे तुटलं तर दगडावर बसून पाच मिनिटांत बदलता येईल. माझी जागा हेक्सची पिन. बाकी सगळं कडक, पिन साध्या मऊ पोलादाची, २ × १० मिमी, डबीत वीस पडलेल्या असतात. काही जण मागचा ड्राइव्हशाफ्ट प्लास्टिकचा ठेवतात. तोही चांगला फ्यूज आहे, पण तो पिळला जातो आणि थ्रॉटल रबरासारखा लागतो, मला ते आवडत नाही.

गाडीत स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा) असेल तर त्याचा नट शेवटपर्यंत आवळलेला असतो, असा माझा अनुभव. कोणीतरी कधीतरी ‘क्रॉलरला स्लिपर नको’ म्हणालेलं असतं. तो थोडा सोडा. गाडीचं नाक भिंतीला टेकवा आणि अर्धा थ्रॉटल द्या: चाकं जमिनीवर घसरायला हवीत, स्लिपर नाही. मग मागची चाकं पायाने दाबून तेच करा: आता स्लिपर सरकायला हवा.

ईएससीमध्ये, म्हणजे मोटरच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये, पंच (थ्रॉटल दिल्यावर मोटर किती एकदम झेप घेते ते) कमी करा. हॉबीविंगच्या १०८० सारख्या क्रॉलरच्या ईएससीत हे प्रोग्रॅम कार्डवरून होतं. ३एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते, २एस ८.४. मोटर तीच असली तरी गचका तसा राहत नाही. पंच खाली आणला तर ३एसवरही गाडी शहाण्यासारखी वागते. ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडला की आपोआप लागणारा) शंभर टक्क्यांवर ठेवून उतारावर थ्रॉटल एकदम सोडायची सवय असेल, तर रिव्हर्सच्या बाजूची झीज तिथूनही येते.

तरीही आवाज येत असेल तर

मागचा ड्राइव्हशाफ्ट काढून फक्त पुढच्या ॲक्सलवर गाडी चालवा. आवाज राहिला तर इतके दिवस तुम्ही भलत्याच दारावर उभे होतात. गिअरबॉक्स किंवा पुढचा ॲक्सल बघा. गेला तर काढलेला ड्राइव्हशाफ्ट हातात घ्या आणि त्याचे सांधे सगळ्या कोनांत फिरवा. मागची लिंक थोडी वाकली की पिनियनचा कोन बदलतो, आणि मग सस्पेन्शन पूर्ण खाली लटकल्यावर सांधा अडकून ‘कट्’ करतो. अगदी दात तुटल्यासारखा. मी स्वतः यासाठी एकदा पूर्ण शाबूत ॲक्सल खोललाय.

ड्राइव्हशाफ्टचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) पिनियनच्या दांड्याच्या सपाट भागावरच बसलाय ना, तेही बघून घ्या. तो गोल भागावर बसला की भार नसताना धरतो आणि चढावर सुटतो, आवाज तोच.

पावसाळ्यात ओढ्यातून गाडी नेली असेल तर त्याच रात्री भोपळ्याचं झाकण उघडा. ग्रीस दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय. सगळं काढा, पुसा, नवं भरा. घट्ट, दाताला चिकटून राहणारं ग्रीस हवं, आणि तेही दात झाकले जातील इतकंच. भोपळा गच्च भरला तर ते सील ढकलून बाहेर येतं आणि बाहेरची माती सोबत घेऊन परत आत जातं.

नवा सेट बसवल्यावर पहिली बॅटरी सपाट मैदानावर, हळू, पुढे-मागे सारखीच चालवा. मग झाकण उघडून शाईची तपासणी परत एकदा करा. नवीन बेअरिंग आणि चकत्या जागेवर बसल्या की बऱ्याचदा अजून एका ०.१ च्या चकतीची जागा तयार झालेली असते.